सावलीत बंद पडणारा पंखा

होळी झाली की आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर जुन्या साड्या अंथरल्या जातात. त्यांवर कुरडया, पापड, ज्वारीच्या बिबड्या. शिजवलेल्या गव्हाच्या चिकाचा आंबूस वास जिन्यातून खाली उतरतो आणि समोरच्या काकू कठड्यावरून वाकून हाक मारतात, "ये ना गं वर, चीक खायला. गार झाल्यावर काय मजा न्हाई त्याला." मी खालूनच 'येते नंतर' अशी हाताने खूण करते. त्या मला लाजरी समजतात. तशी मी आहेच. पण या दिवसांत वर न जाण्याचं कारण वेगळं आहे. वाळवण घातलेल्या गच्चीवर बसलं की नजर आपोआप सावलीवर जाते. पाण्याच्या टाकीची सावली सरकत साडीच्या काठाला लागली की बायका उठतात, साडीची टोकं धरतात आणि सगळं वाळवण हातभर उन्हात ओढून घेतात. त्यांचं बोलणं थांबतसुद्धा नाही.

एका उन्हाळ्यात बाबा आणि मी असंच सरकवत होतो. कुरडया नव्हे, अख्खी मॅटाडोर.

ती मॅटाडोर बाबांची. वर्षभर ती माझ्याच इंग्रजी शाळेतली मुलं न्यायची-आणायची. मुलं बाबांना 'काका' म्हणायची. गाडीत मी त्या मुलांमधलीच एक असायचे, त्यामुळे बाबांना हाक मारायची वेळच येऊ द्यायचे नाही. खिडकीजवळची जागा धरून बाहेर बघत बसायचे. पुढे शाळा संपली, कॉलेज सुरू झालं, तरी गप्प बसून बघत राहायची ती सवय गेली नाही.

माझी बारावीची परीक्षा संपली तेव्हा शाळेला सुट्टी लागत होती. एरवी सुट्टीत बाबा गाडी धुऊन ताडपत्रीखाली झाकून ठेवायचे. त्या वर्षी त्यांनी मागची बाकं काढून अंगणात उलटी टाकली आणि त्या जागी आईची गादी अंथरली. दोन उशा, पाण्याची सुरई, उलटी आली तर हाताशी असावं म्हणून एक पातेलं, खिडक्यांना जुन्या चादरी. माझी आई लग्नाकार्याला गेली तरी संध्याकाळी घरी परतणारी. आता तिच्यासाठी घरच चाकांवर चढलं होतं.

आईच्या छातीतली गाठ आधीच्या वर्षी काढली होती. काढली म्हणजे संपली, असं आम्ही धरून चाललो होतो. मग तिची पाठ दुखायला लागली. औरंगाबादच्या दवाखान्यात डॉक्टर बाबांशी मराठीत थोडं बोलले आणि माझ्याकडे वळले. मी इंग्रजीतून शिकते हे बाबांनीच त्यांना कौतुकाने सांगितलं होतं. डॉक्टरांनी बाकीचं सगळं इंग्रजीत सांगितलं, सावकाश, माझ्याकडे बघून. त्यात 'पॅलिएटिव्ह' असा एक शब्द होता. बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आई भिंतीवरच्या कॅलेंडरकडे.

"काय म्हणले?" बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं.

"शेक द्यायचा म्हणले. रोज यावं लागेल. दुखणं कमी होईल."

ते खरंच होतं. त्या शब्दाचा अर्थ तेवढाच आहे. दुखणं कमी होईल. त्याच्या पुढे काय नाही होणार, हे मला कोणी विचारलं नाही. बाबांनी मान हलवली, आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरतानाच त्यांचा चेहरा ठरला: शेक पूर्ण झाला की कमल बरी.

रेडिएशनला आमच्याकडे सगळे शेकच म्हणतात. कंबर धरली की विटेचा तुकडा तापवून फडक्यात गुंडाळतात, तोही शेक. जाड दाराआड यंत्राखाली एकटीने पडून घ्यायचा, तोही शेक. केदारखेड्याहून माझी आत्या, बाबांची मोठी बहीण, घर सांभाळायला आली होती. ती रोज विचारायची, "आज बसला का गं शेक बराबर?" जणू आतलं यंत्र म्हणजे कोणी म्हातारी होती आणि तिचा हात आज हलका लागला की जड, एवढाच प्रश्न होता.

तो शेक काही मिनिटांत उरकायचा. खरा शेक रस्त्यावर होता. आमचा नंबर दुपारचा. सकाळी जालन्याहून निघायचं, दवाखान्याच्या आवारात ताटकळायचं, आणि टळटळीत उन्हात परत यायचं. गाडीचा पत्रा असा तापायचा की आतून हात लावला तरी चटका बसे. पहिल्याच दिवशी परतताना बदनापूरच्या अलीकडे आईने बाबांना थांबायला लावलं. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"उद्यापासून मी येत न्हाई," ती म्हणाली.

"अगं, असं कसं? अर्धवट सोडून जमतं का?"

"मरण आलं तर घरी येऊ द्या. ह्या डब्यात नको."

बाबांनी सुरईतलं पाणी ओंजळीत घेऊन तिच्या पायांवर टाकलं. आम्ही घरी पोचलो, आईला उतरवलं, आणि बाबा तसेच उलट्या पावली गाडी घेऊन निघून गेले. संध्याकाळी आले ते पॅनेल घेऊन. तीर्थपुरीला मामांच्या शेतात एक सौर दिवा होता. शेतापर्यंत वीज आल्यावर तो काढून ठेवलेला. निळसर-काळ्या काचेचा, पाटापेक्षा मोठा, दारापेक्षा लहान असा तो तुकडा बाबांनी गोधडीत गुंडाळून आणला होता.

"ही कसली पाटी?" आईने पडल्या पडल्या विचारलं.

"हिच्यावर ऊन पडलं की पंखा चालतो. गाडीच्या टपावर बसवतो. उद्या तुला गाडीत वारा."

आई त्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मंग उद्या बघू."

हे 'बघू' बाबांना पुरलं.

जुन्या जालन्यात, धान्याच्या दुकानांच्या मागच्या बोळात मुश्ताकभाईंचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. शाळेची सगळी वाहनं त्यांच्याकडे यायची. सकाळी लवकर आम्ही तिथे पोचलो तेव्हा ते चहा पीत होते. त्यांनी पाटी उलटीसुलटी करून बघितली.

"दत्ताभाई, मैं हॉर्न का वायरिंग करता, लाइट का करता. सूरज का वायरिंग तो मेरे बाप ने बी नै किया."

"मंग आज तुम्ही करा. बापाच्या पुढं जा."

ते हसले. पाटी त्यांनी सायकलला टेकवून उन्हाकडे तोंड करून ठेवली आणि तिच्या वायरी गाडीत लावायच्या एका छोट्या पंख्याच्या वायरींना टेकवल्या. पंखा जमिनीवरच भुंग्यासारखा घुमत धुळीत सरकायला लागला. पलीकडचा हमाल पोतं खांद्यावर घेऊन तसाच थांबला. बाबा खाली बसले. त्यांनी पात्यांसमोर हात धरला आणि मग तोच हात, आरती घेतात तसा, तोंडावरून फिरवला.

मुश्ताकभाईंनी गाडीच्या बॅटरीला जोडून देतो म्हटलं, म्हणजे सावलीतही चालेल. बाबा ऐकेनात. गाडीची बॅटरी जुनी. "बॅटरी उतरली आन् रस्त्यात गाडी चालूच झाली न्हाई तर? पेशंट हे गाडीत. बॅटरीला हात लावायचा न्हाई." तेव्हा पाटीच्या वायरी सरळ पंख्याला.

"बटण कुठं लावणार?" मी विचारलं. तेवढंच मी त्या बोळात बोलले.

"बटन किस काम का, बेटा? धूप आई, चालू. धूप गई, बंद. ऊपरवाले के हाथ में है बटन."

परतताना मी बाबांना सांगितलं, की पाटीच्या एका कोपऱ्यावर जरी सावली पडली तरी सगळा पंखा मंदावेल, बंदही पडेल. फिजिक्सचा पेपर नुकताच दिला होता. या चौकोनांची साखळी असते, एक अडला की सगळे अडतात, हे मला पाठ होतं.

"सावली?" बाबा म्हणाले. "ह्या उन्हाळ्यात जालना जिल्ह्यात सावली हुडकून दाखव मला."

टपाला भोकं पाडून पाटी बसवली होती, भोकं डांबराने बुजवली होती. आत्याने कुंकवाचं बोट काचेवर टेकवायला घेतलं, तेव्हा बाबांनी तिचा हात धरून चौकटीवर आणला. तो टिळा पुढे बरेच दिवस होता. डांबर मात्र दुपारी वितळायचं. एकदा त्याचा काळा थेंब आईच्या चादरीवर पडला. ती म्हणाली, "बघा, गाडीनं मला तीट लावली."

ती पुन्हा यायला लागली होती. पंख्याचा वारा गरमच होता, पण वारा होता. तिच्या कपाळावरचे केस हलायचे. मी तिच्या पायाशी बसायचे, मांडीवर परीक्षेचा पॅड घेऊन. पंखा बंद पडला की पॅडने वारा घालायचा, हे माझं काम.

तेव्हा त्या रस्त्याच्या कडेला जुनी झाडं होती. कडुलिंब, चिंचा. बाबा जालना जिल्ह्यातली सावली विसरले होते ती ही. झाडाखालून गाडी गेली की पंखा दम सोडल्यासारखा हळू व्हायचा, मोकळ्यात आली की पुन्हा धरायचा. आईला पडून खिडकीबाहेरचं काही दिसत नसे. पण दोन-तीन फेऱ्यांत तिने रस्ता पंख्यावरून ओळखायला सुरुवात केली. डोळे मिटलेले असायचे.

"लिंबं सुरू झाले," ती म्हणायची. आणि मग, "गेले. मोकळं आलं." आणि पंखा बराच वेळ मंद राहिला की, "चिंचांची रांग. बदनापूर जवळ आलं."

बाबा पुढून ओरडायचे, "बराबर!" मी बाहेर बघून खात्री करायचे. ती चुकायची नाही. आत्या सोबत असली की म्हणायची, "कमल, तू आता डायवर झालीस." आई हसायची. तेवढ्यापुरतं सगळं ठीक वाटायचं, आणि मला त्या ठीक वाटण्याचीच भीती वाटायची.

गाडी चालू असेपर्यंत निभायचं. खरी पंचाईत दवाखान्याच्या आवारात. तिथे एकच मोठा लिंब होता. त्याच्याखाली गाडी लावली की पत्रा निवायचा, पण पाटी सावलीत जायची आणि पंखा बंद. उन्हात लावली की पंखा जोरात फिरायचा आणि आत भट्टी. सावली घ्यायची तर वारा नाही, वारा घ्यायचा तर सावली नाही. पहिल्या दिवशी बाबा लिंबाखाली बंद पडलेल्या पंख्याकडे बघत उभे राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही साखळीची गोष्ट पुन्हा काढली नाही.

मग त्यांनी युक्ती काढली. पाटी टपाच्या पुढच्या अंगाला होती, आईचं डोकं मागे. गाडी अशी लावायची की मागचा भाग लिंबाच्या सावलीत आणि पुढचा उन्हात. पण सूर्य कुठे थांबतो? थोड्या वेळाने सावली पाटीच्या काठाला लागायची, पंखा कण्हायला लागायचा. इंजिन सुरू केलं तर धूर आणि धक्का. म्हणून बाबा ब्रेक सोडायचे, दारातून एका हाताने स्टिअरिंग धरून खांदा लावायचे आणि मी मागून ढकलायचे. हातभर. चाकाखाली दगड. पुन्हा थोड्या वेळाने हातभर.

आवाराचा वॉचमन खुर्चीवर बसून बघायचा. "काय ओ काका, गाडी लावून राह्यले की गाडीला चालायला शिकवून राह्यले?"

"शिकवून राह्यलो," बाबा घाम पुसत म्हणायचे. "पाऊल टाकायला लागली आता."

आतून आई म्हणायची, "अहो, बसा जरा. आहे तसंच राहू द्या." पण बाबा बसायचे नाहीत. त्या गाडीमागे हात लावून उभी असताना मला पत्र्यातून तो छोटा पंखा जाणवायचा. तळहाताला बारीक थरथर. आम्ही दोघं मिळून एवढंच करू शकत होतो, आणि ते दर थोड्या वेळाने कमी पडत होतं.

एकदा नंबर लवकर लागला. बाबा आणि मी आईला आत घेऊन गेलो, आत्या गाडीपाशी थांबली. परत येऊन आईला गादीवर निजवलं तर पंखा बंद. ऊन तर लख्ख. बाबांनी पंख्याची वायर तपासली, पात्याला बोटाने ढकललं, खाली वाकून जोड उघडला. आई डोळे मिटून पडली होती, शेक घेतलेल्या पाठीखाली मऊ फडकं, तोंडावर माश्या. मी पॅड हलवत होते. शेवटी बाबा मागची शिडी चढून टपावर गेले आणि वरून ओरडले,

"आक्का! हे काय केलंस?"

पाटीवर ओलं पोतं होतं. नीट चारी बाजूंनी खोचलेलं.

"अरे दत्ता, काच हे ती! एवढ्या उन्हात तडकंल की!" आत्या खालून म्हणाली. "नळावरून भिजवून आणलं मी पोतं. या वयात शिडी चढले. तुमची वस्तू सांभाळली तर वरून माझ्यावरच वरडून राह्यला."

बाबांना रडावं की हसावं कळेना. ते टपावरच बसून राहिले, तापलेल्या पत्र्यावर, हातात ओलं पोतं. पंखा सुरू झाला. आई डोळे न उघडता म्हणाली, "आक्कांना काही बोलू नका. त्यांनी आपल्या परीनं सावली केली."

आत्या दुसऱ्या दिवशीही ते पोतं घेऊनच गाडीत बसली. वापरलं नाही, पण घडी करून मांडीवर ठेवलं.

त्याच आठवड्यात, परतीच्या वाटेवर बाबा पाणी भरायला उतरले होते. गाडी एका चिंचेखाली होती, पंखा बंद. मी पॅड हलवत होते.

"तुझ्या पॅडचा वारा बरा," आई म्हणाली. "सावलीतबी चालतो."

मी हसले.

"माय, डॉक्टर बरं होईल असं न्हाई ना म्हणले?" आईने विचारलं.

माझा हात थांबला. मग मी तो पुन्हा हलवायला लागले.

"दुखणं कमी होईल म्हणले."

"हां. तू लहानपणीबी असंच करायची. मार्क इचारले की म्हणायची, 'पेपर बरा गेला.'" तिने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तळहात गरम होता. "दुखणं कमी झालंय. खोटं न्हाई सांगत. पण ह्या येण्याजाण्यानं मी संपून राह्यले. तुझ्या बाबांसाठी येते. ते गाडी ढकलतात ना, मला आतून कळतं. किती ढकलायचं माणसानं?"

बाबा पाण्याचा कॅन घेऊन येत होते. आई हात काढून घेत म्हणाली, "लिंबाखाली न्हाई ना आपण? चिंचच हे ना ही?"

"चिंच," मी म्हटलं.

त्यानंतरच्या एका सकाळी बाबांनी नेहमीसारखी पाटी ओल्या फडक्याने पुसली, सुरई भरली, गादी झटकली. शेकाचे थोडेच दिवस उरले होते. गाडी दारात उभी, ऊन तिच्यावर आलेलं, आत पंखा फिरायला लागलेला. आई पलंगावर बसली होती. तिने केस विंचरून घेतले होते, पण पायात चपला नव्हत्या.

"अहो, आता बास."

"थोडंच राह्यलंय, कमल."

"थोडंच राह्यलंय म्हणूनच म्हणते. तेवढं तरी मला घरी राहू द्या."

बाबा दारात उभे राहिले. एकदा तिच्याकडे, एकदा गाडीकडे. मला वाटलं ते समजावतील, चिडतील. ते आत आले आणि तिच्या पलंगाशी बसले, जमिनीवर, भिंतीला टेकून. आत्या पदराने डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. गाडीत पंखा रिकाम्या गादीवर वारा घालत राहिला.

मे महिन्यात दुपारची लाइट जायची. घरातला छताचा पंखा थांबला की बाहेरच्या गाडीतल्या पंख्याची भुणभुण स्पष्ट ऐकू यायची. दहा पावलांवर वारा होता आणि आई त्याच्याकडे जायला तयार नव्हती. बाबा दोनदा म्हणाले, "उचलून नेतो, तासभर पडून राहा." ती मान हलवायची. मी पॅडने वारा घालायचे, उजवा हात दुखला की डाव्याने. पॅडवर माझ्या हस्ताक्षरात एक सूत्र लिहिलेलं होतं, पेनाने, पेपराच्या आधी घाईने. तिच्या तोंडासमोरून ते येत-जात राहायचं. ती कधी कधी झोपेत पुटपुटायची, "मोकळं आलं."

आता तो रस्ता रुंद झाला आहे. लिंब आणि चिंचा गेल्या. मी कामासाठी बसने जाते तेव्हा अख्खा रस्ता मोकळाच असतो, आणि त्यावरून कुठलं गाव आलं हे डोळे मिटून सांगता येत नाही. पाटी बाबांनी मामांना परत केली. ती तीर्थपुरीला त्यांच्या गोठ्यावर आहे, एक बल्ब लागतो तिच्यावर. शाळा उघडल्यावर बाकं पुन्हा गाडीत बसली. त्या वर्षीच्या मुलांना टपावर बुजवलेली भोकं दिसली असतील. बाबांना त्याबद्दल कोणी विचारलं का, ते मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही.

आई गेली तीही दुपारच. मे संपायच्या आत. अंगणात माणसं जमली होती, बायका ओसरीवर. बोलणं हळू हळू थांबलं आणि मग सगळ्यांना तो आवाज ऐकू यायला लागला. दारातल्या गाडीत पंखा चालू होता. ऊन होतं, म्हणून तो चालू होता. एक दोघांनी वळून बघितलं. शेजारचे काका उठले, गाडीत डोकावले, बटण शोधलं आणि परत येऊन बसले. वायर ओढली असती तर झालं असतं. बाबा त्या आवाजाकडे कान लावून बसले होते, आणि त्यांच्याकडे बघून कोणाचीही वायरीला हात लावायची हिंमत झाली नाही.

मग आत्या उठली. कोपऱ्यातलं पोतं तिने हौदात बुडवलं, पिळलं नाही, तसंच निथळतं खांद्यावर घेतलं आणि शिडी चढली. कोणी तिला अडवलं नाही. वरून पोत्याचे काठ खोचल्याचा आवाज आला. पंखा हळू झाला, आणखी हळू झाला, आणि थांबला.

दिवसकार्य होईपर्यंत गाडी तशीच दारात होती. दुपारी पोतं वाळत आलं की आत्या बसल्या जागेवरून उठायची आणि तांब्याभर पाणी घेऊन पुन्हा शिडी चढायची. काच तडकू नये म्हणून, असं ती म्हणायची. बाबा म्हणायचे, "हां आक्का. मार पाणी."